हिमस्खलन
पर्वतउतारावरील बर्फाचा थर सुटून वेगाने कोसळणे. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे. लडाख-काराकोरमच्या कोरड्या, कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे, पैलूदार कण बनतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांवर वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची लादी बसली, की एका माणसाच्या वजनानेही ती तडकते. पायाखालून येणारा ‘धप्प’ असा दबका आवाज हा सर्वांत स्पष्ट इशारा. तो ऐकूनही पुढे जाणे म्हणजे जिवाशी खेळ. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखराजवळ पंचवीसहून अधिक गिर्यारोहक हिमस्खलनात दगावले. एव्हरेस्टवीर सविता कंसवाल त्यांतल्याच. गाडल्या गेलेल्याची जगण्याची शक्यता पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणून संदेशक यंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ हवेच.