पार्क चौक–रंगभवन मार्ग (सोलापूर)

सोलापूर शहराच्या मध्यभागातील एक प्रमुख रस्ता व त्याच्या दोन्ही अंगांचा नागरी पट्टा. केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानाखाली हा रस्ता पुनर्विकासासाठी निवडण्यात आला. एखादा वाहतूकमार्ग आणि त्याच्या आधाराने वाढलेली घरे, दुकाने, कार्यालये व मोकळ्या जागा यांचा एकत्रित विचार करावयाचा असतो तेव्हा नगररचनेत त्यास ‘मार्गपट्टा’ असे म्हणतात. या अर्थाने प्रस्तुत मार्गाचे वर्णन नुसत्या रस्त्यापाशी थांबत नाही. त्याच्या पश्चिमेकडील नवी पेठ व मुरारजी पेठ, तसेच येथून शहराच्या इतर भागांकडे जाणारी वाहतूक यांचाही त्यात समावेश करावा लागतो.

स्थान व परिसर : मार्गाच्या एका टोकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा असलेला पार्क चौक आणि दुसऱ्या टोकाला रंगभवन चौक असून रंगभवनाकडून पुढे सात रस्त्याकडे जाता येते. इंदिरा गांधी स्टेडियम (जुने पार्क मैदान), चार हुतात्म्यांचे स्मारक, होम मैदान, बहमनीकालीन भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव व त्यातील ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे मंदिर ही सर्व स्थळे मार्गालगत किंवा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मल्लप्पा वारद यांनी बांधलेला ‘इंद्रभुवन’ हा प्रासाद, ज्यात पुढे महानगरपालिकेचा कारभार चालू लागला, तोही याच परिसरात आहे. देवस्थान, किल्ला, क्रीडांगण, पालिका आणि बाजारपेठ इतक्या जवळजवळ असल्यामुळे सोलापूरकरांचे सार्वजनिक जीवन मोठ्या प्रमाणात या एका पट्ट्यात एकवटलेले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सोलापूर नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली व १८६० मध्ये लोहमार्ग शहरापर्यंत पोहोचला. तोपर्यंत किल्ला, तलाव आणि जुन्या पेठा यांच्या आसऱ्याने राहिलेले गाव त्यानंतर स्थानकाच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेकडे, पसरू लागले. १८७० च्या दशकात येथे ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’ ही पहिली कापडगिरणी उभी राहिली. ती उभारणारे मुंबईचे उद्योगपती मुरारजी गोकुळदास यांचे नाव गिरणीच्या भागाला मिळून तो ‘मुरारजी पेठ’ झाला. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्या आल्या, तेव्हा पहिली गिरणी आपोआप ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरणीच्या भिंतीला लागून चाळ, चाळीच्या तोंडाशी किराणा दुकान व खानावळ, आणि भोंगा झाल्यावर पायी किंवा सायकलवर पाळी गाठणारा कामगार अशी या भागाची घडण होती. निवास, व्यवसाय आणि बाजार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर ठेवण्याच्या ज्या पद्धतीला आजचे नगररचनाकार ‘मिश्र भूवापर’ म्हणतात, ती सोलापुरात कोणत्याही आराखड्याविना गिरणीच्या गरजेतून आली होती. त्या चाळींतील दाटी व गैरसोय नाकारण्याचे कारण नाही. तथापि कामावर जाण्यासाठी पगाराचा भाग खर्च करण्याची वेळ तेथील कामगारावर येत नव्हती.

जुन्या गिरणीचे नाव भारतीय राज्यघटनेच्या इतिहासातही नोंदले गेले आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडल्यावर केंद्र शासनाने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले. त्याविरुद्ध एका भागधारकाने केलेली याचिका (चिरंजितलाल चौधरी खटला) सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने फेटाळली. परंतु द्वारकादास श्रीनिवास खटल्यात १९५३ मध्ये त्याच न्यायालयाने असे ठरवले, की भरपाई न देता व्यवस्थापन ताब्यात घेणे म्हणजे मालमत्ताच काढून घेणे होय. या व अशा निर्णयांमुळे १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती करणे शासनास आवश्यक वाटले. गिरणी कोणाची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न देशाच्या पातळीवर सोलापूरच्या या आवारातून उपस्थित झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जुन्या गिरणीच्या आवारात उमानगरीसारखी वसाहत उभी राहिली आणि मुरारजी पेठेत इमारती व दुकाने वाढली. कापडधंद्याचा भार यंत्रमागांवर गेला व त्याबरोबर कामगारवस्तीचे केंद्र शहराच्या पूर्वभागात स्थिरावले.

स्मार्ट सिटी अभियान : १ मे १९६४ रोजी सोलापूर महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौ. किमी. झाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ९,५१,५५८ होती. क्षेत्र वाढले तरी कार्यालये, रुग्णालये व मोठा बाजार जुन्या मध्यभागीच राहिल्याने तेथील रस्त्यांवरचा ताण वाढत गेला. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात २८ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांच्या यादीत सोलापूरला नववा क्रमांक मिळाला. अभियानाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शहरासाठी केंद्राने पाच वर्षांत ५०० कोटी रुपयांपर्यंत निधी द्यावयाचा व तेवढीच रक्कम राज्य शासन आणि महापालिका यांनी मिळून घालावयाची होती. कामांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. निवडलेल्या एका भागाचा सर्वांगीण विकास करावयाचा, म्हणजे ‘क्षेत्राधारित विकास’, यासाठी सोलापुरात मध्यवर्ती भाग घेण्यात आला आणि पार्क चौक ते रंगभवन हा त्यातील ‘स्मार्ट रस्ता’ ठरला.

रस्त्याची रचना : स्मार्ट रस्ता म्हणजे केवळ नवा डांबरी किंवा काँक्रीटचा थर नव्हे. वाहनांसाठी सलग समान रुंदीची मार्गिका, चालणाऱ्यांसाठी अखंड पदपथ, सायकलसाठी वेगळी पट्टी, पाणी, मलनिस्सारण, वीज व दूरसंचार यांच्या वाहिन्यांसाठी भूमिगत नलिका, पथदिवे आणि बसण्याची जागा हे सर्व घटक एकाच आखणीत बसवणे, असा त्याचा अर्थ आहे. भूमिगत नलिकांचे महत्त्व सोलापुरात विशेष आहे. कारण प्रत्येक विभागाने आपापल्या कामासाठी स्वतंत्रपणे रस्ता खोदण्याची रीत त्यामुळेच थांबू शकते.

या मार्गाच्या आखणीला एक स्थानिक परिमाणही आहे. दर वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरातील ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालते, संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो व होम मैदानावर होमप्रदीपन पार पडते. नंदीध्वजाची उंच काठी कमरेच्या पट्ट्यातील खोबणीत पेलून तोल सांभाळत चालणाऱ्या मानकऱ्याच्या दृष्टीने रस्त्यावर आडवी आलेली तार, उंचावलेला दुभाजक किंवा मध्येच उभा केलेला खांब हा प्रत्यक्ष धोका असतो. त्यामुळे येथील तारा जमिनीखाली जाणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. यात्रेच्या दिवसांत मैदान व भोवतालचे रस्ते गड्ड्याच्या दुकानांचे आणि पाळण्यांचे होतात, ही गोष्ट गृहीत धरूनच या पट्ट्याची कोणतीही आखणी करावी लागते.

मार्गालगतच्या इंदिरा गांधी स्टेडियमचेही अभियानाखाली नूतनीकरण झाले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र व मणिपूर यांच्यातील रणजी सामना तेथे खेळवण्यात आला.

निवास : मार्गपट्ट्यात घरे किती व कोणासाठी उभी राहतात हे मुख्यतः ‘चटईक्षेत्र निर्देशांका’वर अवलंबून असते. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण म्हणजे हा निर्देशांक. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली सोलापूरलाही लागू असून, तीत मूळ निर्देशांकाशिवाय अधिमूल्य भरून व हस्तांतरणीय विकास हक्क वापरून मिळणारे जादा बांधकाम रस्त्याच्या रुंदीशी जोडलेले आहे. रस्ता जितका रुंद तितकी इमारत उंच, या तत्त्वामुळे रुंद रस्त्यांवर खाली दुकाने व वर सदनिका असलेल्या इमारती वाढतात. परंतु जमिनीची किंमत अशा ठिकाणी सर्वाधिक असल्याने तेथील घरे कामगारांच्या आवाक्याबाहेर जातात. बंद गिरण्यांच्या जमिनींबाबतही हाच प्रश्न येतो. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीची मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक अशी ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचवली होती. २००१ च्या बदलाने ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि सार्वजनिक वाटा घटला. गिरणीच्या जमिनी असलेल्या प्रत्येक शहराने हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सोलापुरात कामगारांची मोठी घरबांधणी मध्यभागात न होता शहराबाहेर अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे झाली. तेथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली व त्यानंतर ३०,००० घरांचा ‘रे नगर’ प्रकल्प आकारास आला. त्यातील १५,००० घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा कुटुंबांना हक्काचे घर मिळाले, हे या प्रकल्पाचे मोठे यश आहे. मात्र जिचे ग्राहक मध्य शहरात आहेत ती भाजीविक्रेती असो की घरी वळलेल्या विड्या मोजून देऊन तेंदूपाला व तंबाखू घेऊन परतणारी कामगार महिला असो, शहराशी असलेला तिचा संबंध बसच्या किंवा रिक्षाच्या फेरीवर अवलंबून राहतो. म्हणून कुंभारीची वसाहत आणि मध्य शहरातील मार्गपट्टा हे दोन वेगळे विषय नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

बाजार : पार्क चौकाजवळची नवी पेठ ही कापड, पादत्राणे व गृहोपयोगी वस्तूंची जुनी बाजारपेठ आहे. तिच्या अरुंद गल्ल्यांत चालत फिरणेच सोयीचे ठरते व तेच तिच्या व्यापाराचे बळ आहे. संध्याकाळी पार्क चौपाटीवर भेळ व पावभाजीच्या गाड्यांभोवती गर्दी होते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणाऱ्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार पथविक्रेता समितीच्या शिफारशीने विक्रीची जागा ठरवून द्यावयाची असते. रस्ता नव्याने आखताना गाड्यांसाठी जागा आधीच राखली, तर पदपथ चालणाऱ्यांना मोकळा राहतो. ती राखली नाही, तर गाड्या पदपथावरच येतात.

वाहतूक : गिरण्यांच्या काळात सोलापूर हे सायकलचे शहर होते व शहराचा बहुतेक भाग सपाट असल्याने आजही सायकल येथे अवघड नाही. अडचण आहे ती एप्रिल-मे महिन्यांतील ४० अंशांपुढे जाणाऱ्या उन्हाची. सायकलमार्गिकेवर झाडांची सलग सावली नसेल, तर तिचा उपयोग सकाळ-संध्याकाळपुरताच राहतो आणि दुपारी तिची जागा उभ्या केलेल्या दुचाकी घेतात.

महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची बससेवा अनेक वर्षे क्षीण होत गेली. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आलेल्या बसगाड्यांपैकी अनेक गाड्या चेसिसला तडे गेल्यामुळे आगारातच उभ्या राहिल्या आणि प्रवासी शेअर रिक्षाकडे वळले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान ई-बस सेवा योजनेत सोलापूरचा समावेश झाल्याने ही सेवा पुन्हा उभी करण्याची संधी निर्माण झाली आहे. याच काळात जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन उड्डाणपुलांची योजना पुढे आली व भूसंपादनाअभावी दीर्घकाळ रेंगाळली. उड्डाणपूल शहर ओलांडणाऱ्या वाहनाला उपयोगी असतो, तर मार्गपट्ट्याचे हित त्यात थांबणाऱ्या, उतरणाऱ्या व चालणाऱ्या माणसात असते. बससेवेबाबत पुण्याचा अनुभव येथे उपयोगी ठरतो. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाल्या. तेथील अनुभवातून दिसले, की मार्गिका आखल्यानंतरही पुरेशा बस, सुरक्षित थांबे आणि मार्गिका मोकळी ठेवण्याची शिस्त नसेल तर ती टिकत नाही.

मूल्यमापन : स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले असून उभ्या केलेल्या सुविधांची देखभाल महापालिकेकडेच राहणार आहे. या पुनर्विकासाने मध्य सोलापूरला रस्ता हा वाहनांपुरता नसतो हा विचार दिला व क्रीडांगण, मैदान, तलाव आणि बाजार यांना जोडणारा एक दृश्य आकार दिला, हे त्याचे श्रेय आहे. परंतु गिरण्यांच्या काळात घर, काम व बाजार यांच्यात जी जवळीक होती, ती नव्या रचनेत कष्टकरी वर्गाला परत मिळालेली नाही. मध्यभागात त्यांना परवडणारी घरे नाहीत आणि जेथे घरे आहेत तेथून मध्यभागात येण्यास भरवशाची बस लागते. मध्य शहरातील उरलेल्या गिरणीजमिनींचा निर्णय घेताना काही घरे कामगारांसाठी राखणे आणि कुंभारी ते पार्क चौक अशी पहाटेपासून रात्रीपर्यंत नियमित बससेवा चालवणे, या दोन गोष्टी झाल्याखेरीज हा मार्गपट्टा पूर्णपणे विकसित झाला असे म्हणता येणार नाही.