तोंडावर ताबा

या वीकांताला किल्ले नाहीत की लढाया नाहीत. या वेळी इतिहास पोटाचा. अक्षरशः पोटाचा!

निमित्त आमची ताई. चार महिन्यांपूर्वी तिची बायपास झाली. हृदयाची नव्हे, जठराची. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२ किलो, आठ वर्षांचा डायबेटीस, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. ऑपरेशन ठरल्याची बातमी फुटली आणि मावशीचा फोन आला, "अगं, चांगलं पोट कशाला कापून घेतेस? जरा तोंडावर ताबा ठेव की!" ताई नुसतं 'हं' म्हणाली. खरं सांगतो, मनातल्या मनात मी मावशीच्याच पार्टीत होतो. लहानपणी ताईला 'ट्रक' म्हणून चिडवणारा मीच.

मग सवयीप्रमाणे वाचायला बसलो. (मॅन्युअल वाचल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.) वाचताना मजेशीर गोष्ट लक्षात आली. डॉक्टर मंडळीसुद्धा बराच काळ मावशीसारखाच विचार करत होती!

सुरुवात थेट दहाव्या शतकात, स्पेनमधल्या लेओन राज्यात. तिथला राजा पहिला सांचो इतका लठ्ठ होता, की ९५८ मध्ये सरदारांनी त्याला गादीवरून खाली खेचलं. त्याची आजी तोडा त्याला घेऊन कोर्दोबाच्या खलिफाकडे गेली. खलिफाच्या पदरी हसदाई इब्न शाप्रूत नावाचा ज्यू वैद्य होता. त्याने सांचोचं वजन उतरवलं आणि खलिफाच्या सैन्याच्या मदतीने सांचोला गादी परत मिळाली. आख्यायिका अशी, की वैद्याने राजाचे ओठ शिवून टाकले आणि नळीने काढे पाजले. आख्यायिका खोटी धरू. पण १९७० च्या दशकात डॉक्टर लठ्ठ पेशंटचे जबडे खरोखरच तारांनी बांधत होते! पेशंट पातळ पदार्थांवर राहायचा, वजन उतरायचं. तारा काढल्या की वजन परत हजर.

मधल्या काळात दुसरी शक्कल निघाली. तोंड आवरत नाही? मग खा, पण अंगी लागू देणार नाही! १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर वगैरे सर्जननी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वरचं टोक थेट खालच्या टोकाला जोडण्याची कल्पना मांडली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत कित्येक फूट आतड्यापैकी जेमतेम दीड फूट वापरात राहायचं. वजन धडाधड उतरायचं. पण सोबत न थांबणारे जुलाब, मूतखडे, जीवनसत्त्वांची कमतरता, आणि काहींचं तर लिव्हरच निकामी झालं. माणसं दगावली. अनेकांची आतडी पुन्हा उघडून पूर्ववत जोडावी लागली. आमच्या भाषेत रोलबॅक, फक्त इथे सर्व्हर जिवंत माणूस होता. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ बंद पडली.

तिसरा प्रयत्न आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांचा. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले पेशंट बारीक होतात आणि बारीकच राहतात, हे सर्जन लोकांना माहीत होतं. १९६६ मध्ये मेसन आणि चिकाशी इतो यांनी हेच मुद्दाम करून पाहिलं. जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी केली आणि ती आतड्याला जोडली. गॅस्ट्रिक बायपासचा जन्म तो. ताईचं झालं ते याचंच सुधारलेलं रूप. मेसन २०२० मध्ये वारले, वयाच्या शंभराव्या वर्षी.

पण गंमत पुढेच आहे. १९८० मध्ये मेसन यांनीच सोपी आवृत्ती काढली. आतड्याला हात लावायचा नाही, फक्त जठराची वाट पट्टी घालून अरुंद करायची. म्हणजे पुन्हा ताबाच! पेशंटना पोळी-ब्रेडसारखं काही उतरेना, म्हणून बरेच जण मऊ आणि गोड पदार्थांकडे वळले. आइस्क्रीम आणि मिल्कशेक अरुंद वाटेतूनही सुखाने जातात. कित्येकांचं वजन परत आलं.

नुसती वाट अरुंद केली तर फसतं आणि बायपास टिकते, हे का? पहिला धागा नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉल्टर पोरीज यांच्या १९९५ च्या शोधनिबंधात. बायपासनंतर डायबेटीसवाल्यांची साखर काही दिवसांतच उतरत होती, वजन उतरण्याच्या आधीच! म्हणजे आतडं ही नुसती नळी नाही, ते मेंदूशी आणि स्वादुपिंडाशी सतत बोलत असतं. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना जठरात तयार होणारं घ्रेलिन सापडलं, भूक चेतवणारं हार्मोन. २००२ मध्ये डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डाएट करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढतं, आणि बायपास झालेल्यांमध्ये मात्र ते खूप कमी होतं. जेवणानंतर 'पुरे' सांगणारं जीएलपी-१ बायपासनंतर वाढतं. सध्या ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

इथे मी लॅपटॉप मिटला.

ताईने तीनदा डाएट करून बारा-पंधरा किलो उतरवले होते. तिन्ही वेळा ते परत आले, आणि तिन्ही वेळा आम्ही म्हणालो, "हिला जमतच नाही." ती जितकं कमी खात होती, तितकं तिचं शरीर आतून जास्त ओरडत होतं. ते तिने महिनोन्‌महिने ऐकून घेतलं, आणि वर आमचंही ऐकून घेतलं.

असो. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. आधीचे दोन आठवडे प्रोटीन शेक आणि पातळ आहार, कारण लिव्हर जठरावर पसरलेलं असतं आणि ते आधी आकसावं लागतं. त्याच दिवसांत जेवताना पाणी न पिण्याची आणि घास पीठ होईपर्यंत चावण्याची प्रॅक्टिस. नंतर घोट-घोट पाणी, मग ताक आणि वरणाचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. पिशवी सुरुवातीला दोन मोठ्या चमच्यांएवढी! आधी डाळ, पनीर, अंडं, मग भाजी, जागा उरली तर भात. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या जन्मभर. दुसऱ्या महिन्यात तिने हट्टाने दोन चमचे श्रीखंड खाल्लं आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड, चक्कर. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. ऑपरेशनला वीस-बावीस किलो उतरल्याचा आनंद आहे, पण काही वर्षांनी थोडं वजन परत येऊ शकतं, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

गेल्या रविवारी तिच्यासोबत जेवायला बसलो. तिच्यापुढे छोटी वाटी, मुगाचं वरण आणि कुस्करलेलं पनीर. माझं ताट सात मिनिटांत रिकामं. ती अजून चौथ्या घासावर. कधी नव्हे ते बसून राहिलो, आणि म्हटलं, "ताई, ते ट्रक वगैरे म्हणायचो ना... सॉरी."

तिने हात वर करून थांबवलं. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "थांब रे. आधी गिळू दे."