पॉविसची अर्लकी : एका वेल्श घराण्यातील वंशपरंपरागत किताबाचा इतिहास

वंशपरंपरागत किताब म्हणजे पित्याकडून पुत्राकडे अखंड चालत आलेला मान, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वेल्समधील हर्बर्ट घराण्याच्या पॉविस या किताबाचा इतिहास तपासला असता ही समजूत टिकत नाही. पॉविसची अर्लकी १६७४, १७४८ आणि १८०४ अशी तीन वेळा नव्याने निर्माण करावी लागली.

वेल्शपूलजवळची तांबड्या दगडाची गढी सर एडवर्ड हर्बर्ट याने १५८७ मध्ये विकत घेतली. त्याच्या वंशजांना १६२९ मध्ये बॅरन, १६७४ मध्ये अर्ल आणि १६८७ मध्ये मार्क्विस हे किताब मिळाले. घराणे कॅथलिक असल्याने ही चढण सुखाची नव्हती. पहिल्या मार्क्विसला तथाकथित ‘पोपच्या कटा’च्या आरोपावरून १६७८ पासून सुमारे पाच वर्षे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावे लागले. पुढे पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्यामागे तो फ्रान्समध्ये गेला. तेथे राजाने त्याला ‘ड्यूक’ केले. परंतु राज्य गमावलेल्या राजाची सनद इंग्लंडमध्ये कोण मानणार? १६९६ मध्ये तो परागंदा अवस्थेतच वारला.

१७४८ मध्ये तिसरा मार्क्विस अविवाहित वारला आणि किताब संपुष्टात आला. त्याच वर्षी हर्बर्टांच्या दुसऱ्या शाखेतील हेन्री आर्थर हर्बर्ट यास नवी अर्लकी देण्यात आली. त्याने १७५१ मध्ये दिवंगत मार्क्विसची पुतणी बार्बरा हिच्याशी विवाह केला व दोन्ही शाखा एकत्र आल्या. त्यांचा पुत्र जॉर्ज १८०१ मध्ये निःसंतान वारल्याने अर्लकी पुन्हा बुडाली.

अशा प्रसंगी मराठी संस्थानिकांनी भाऊबंदांतील मुलगा दत्तक घेतला असता. इंग्लिश कायद्यात दत्तकाला उमरावकीचा वारसा नाही, आणि सनदेत ‘औरस पुरुष वंशज’ अशी अट असल्यास कन्येलाही नाही. मिळकत मात्र मृत्युपत्राने देता येते. किताब व मिळकत यांच्या वाटा येथेच वेगळ्या होतात.

जॉर्जची बहीण हेन्रिएटा हिचा विवाह १७८४ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचा पुत्र एडवर्ड याच्याशी झाला होता. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रजी मोहिमेत जमिनीवरील फौजेचे नेतृत्व करणारा आणि पुढे प्लासी जिंकणारा हाच तो रॉबर्ट क्लाइव्ह. एवढे वैभव मिळवूनही त्याला १७६२ मध्ये मिळाली ती आयर्लंडची बॅरनकी; तिने ब्रिटिश लॉर्ड्स सभेत आसन मिळत नसे. हर्बर्टांकडे कुळ होते व कर्जही होते. क्लाइव्हांकडे हिंदुस्थानातला पैसा होता. हा संबंध दोघांच्याही सोयीचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये.

एडवर्ड १७९८ ते १८०३ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर हेन्रिएटाने १८०० मध्ये दोन कन्यांसह दक्षिण हिंदुस्थानचा प्रदीर्घ प्रवास केला. टिपूच्या सिंहासनावरील सोन्याचे एक व्याघ्रमुख आणि त्याचा छिटाचा तंबू पुढे पॉविसच्या गढीत पोहोचला.

१८०४ मध्ये एडवर्ड क्लाइव्ह पॉविसचा अर्ल झाला. रक्ताने तो हर्बर्ट नव्हता. किताबाचे नाव पत्नीच्या माहेरचे होते. मामाची मिळकत मात्र थेट त्याच्या पुत्राकडे गेली, आणि त्यासाठी पुत्राने आडनाव बदलणे आवश्यक होते. त्यानुसार रॉबर्ट क्लाइव्हचा हा नातू १८०७ मध्ये राजाज्ञेने ‘हर्बर्ट’ झाला. विसाव्या शतकापर्यंत ही गढी ज्यांच्याकडे राहिली, ते हर्बर्ट म्हणजे पुरुषवंशाने क्लाइव्हच होत. चौथ्या अर्लने १९५२ मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे सोपविली.