मथळा आणि मजकूर: लक्षवेधी शीर्षकांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध झाली. प्राणिसंग्रहालयात उभा असलेला एक तरुण आणि 'मी प्राणिसंग्रहालयात' अशा अर्थाचे साधे शीर्षक, एवढेच तिचे स्वरूप होते. जे दाखविले तेच शीर्षकात सांगितले होते. त्यानंतरच्या काळात चित्रफितीचे शीर्षक लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य बनले. प्रेक्षकाचे बोट क्षणभर थांबावे आणि त्याने क्लिक करावे, हा त्या कौशल्याचा हेतू होय. या शीर्षकांकडे बहुधा नव्या माध्यमाने आणलेली विकृती म्हणून पाहिले जाते. तथापि वृत्तपत्रांच्या इतिहासात डोकावल्यास या समजुतीचा पुनर्विचार करावा लागतो. लक्ष वेधणारा मथळा हा स्वतः दोष नसून, मथळा व मजकूर यांच्यातील नाते तुटणे हा दोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अमेरिकेतील स्वस्त वृत्तपत्रे, पुण्याचा 'केसरी' आणि आजच्या चित्रफिती अशा तीन टप्प्यांचा येथे विचार केला आहे.

१. एका सेंटचे वृत्तपत्र

बेंजामिन डे यांनी १८३३ मध्ये न्यूयॉर्क येथे 'सन' हे एका सेंटला मिळणारे दैनिक सुरू केले. ते रस्त्यावर सुट्या प्रतींनी विकले जात असे. ऑगस्ट १८३५ मध्ये या पत्राने चंद्रावर प्राणी व पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली. हे शोध केप ऑफ गुड होप येथे वेध घेणाऱ्या जॉन हर्शेल यांच्या नावावर खपविण्यात आले. लक्षणीय बाब अशी की, या लेखमालेचा मथळा मुळीच भडक नव्हता. 'थोर खगोलशास्त्रीय शोध' अशा धाटणीचा तो गंभीर मथळा होता व खाली एडिंबरोच्या एका विज्ञानविषयक नियतकालिकाचा हवाला होता. ते नियतकालिक त्यापूर्वीच बंद पडले होते. खोटा मथळा नेहमी ओरडूनच बोलतो असे नाही, तो विद्वत्तेचा वेषही धारण करू शकतो, हे या प्रकरणावरून दिसते.

जोसेफ पुलित्झर यांचे 'वर्ल्ड' आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे 'जर्नल' यांच्या स्पर्धेत मथळ्याचे अक्षर वाढत गेले. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली व अडीचशेहून अधिक खलाशी मृत्यू पावले. चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच, १७ फेब्रुवारीला, 'जर्नल'ने हा शत्रूचा घातपात असल्याचे मथळ्यातच जाहीर केले. 'वर्ल्ड'ने त्याच दिवशी बाँब की टॉर्पेडो, असा प्रश्न मथळ्यात विचारला. पहिल्या मथळ्याने पुरावा नसताना निर्णय दिला, तर दुसऱ्याने प्रश्नचिन्हाच्या आडून तोच संशय पेरला. एप्रिलमध्ये अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध सुरू झाले. युद्धाची कारणे अनेक होती, ती केवळ मथळ्यांवर ढकलता येत नाहीत. मात्र १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने हा स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठारातील आगीमुळे झाला असावा, असा निष्कर्ष काढला. मथळा एका दिवसात छापला गेला होता, त्याच्या तपासणीला मात्र पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

२. 'केसरी'चे अग्रलेख

याच सुमारास पुण्यातही प्रश्नचिन्हाचा एक मथळा गाजला. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. त्यानंतर सरकारने शहरावर जी कठोर भूमिका घेतली, तिच्यावर 'केसरी'ने जुलैमध्ये 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या शीर्षकाचा अग्रलेख लिहिला. या मथळ्यातही प्रश्न आहे, परंतु तो 'वर्ल्ड'च्या प्रश्नाहून वेगळ्या जातीचा आहे. 'वर्ल्ड'च्या प्रश्नाने पुराव्याचा अभाव झाकला होता. 'केसरी'च्या प्रश्नात लेखकाचे मत उघड होते आणि त्या मताचे समर्थन करण्याची जबाबदारी खालील मजकुराने स्वीकारली होती.

या मथळ्याची पुढील वाटचालही बोधप्रद आहे. याच अग्रलेखामुळे टिळकांना शिक्षा झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यातील आरोप १५ जून १८९७ च्या अंकातील, म्हणजे रँडवरील हल्ल्यापूर्वीच्या, शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर आधारलेले होते. या खटल्यात त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. लोकस्मृतीने मथळा जपला, मजकूर मागे टाकला आणि त्या मथळ्याला एक न घडलेला इतिहास जोडला. चांगला मथळासुद्धा मजकुरापासून सुटतो, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणे कठीण आहे.

१९०८ च्या खटल्यातील 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून १९०८) हा मथळाही पाहण्यासारखा आहे. कोणते उपाय, हे मथळा सांगत नाही. 'हे' या दर्शक सर्वनामाचा असा वापर आज चित्रफितींच्या शीर्षकांत सर्रास दिसतो. तथापि आदल्याच दिवशी, ८ जूनला, स्फोटक पदार्थांविषयीचा व वृत्तपत्रांवरील निर्बंधांचा असे दोन कायदे संमत झाले होते. वाचकाला 'हे' म्हणजे काय ते ठाऊक होते आणि 'टिकाऊ नाहीत' हा निर्णय मथळ्याने हातचा न राखता सांगितला होता. न्यायालयात टिळकांनी आरोपपत्रातील लेखांच्या सरकारी भाषांतरांना आक्षेप घेतला, शब्दाशब्दाचा अर्थ मांडला. लिहिलेल्या शब्दांची किंमत त्यांनी मंडालेच्या सहा वर्षांनी मोजली.

३. चित्रफितींचे शीर्षक

'केसरी'चा अंक पुष्कळदा एकाने वाचावा व इतरांनी ऐकावा अशी रीत होती. मथळा व मजकूर एकाच कागदावर होते आणि फसवणूक झाल्यास वर्गणीदार दुरावण्याची भीती होती. चित्रफितीच्या बाबतीत शीर्षक व थंबनेल यादीत एकत्र दिसतात, मजकूर मात्र क्लिकच्या पलीकडे असतो. शिवाय शीर्षकाची परिणामकारकता आता तत्काळ मोजता येते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'अपवर्दी' या अमेरिकन संकेतस्थळाने एकेका मजकुरासाठी पंचवीस मथळे लिहून त्यांतून निवड करण्याची पद्धत रूढ केली. त्याच संकेतस्थळावरील सुमारे १,०५,००० मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरासरी लांबीच्या मथळ्यात प्रत्येक अधिक नकारात्मक शब्दामागे क्लिकचे प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. म्हणजेच लेखकाने ठरविले नाही तरी मोजमापच त्याला नकारात्मक शब्दांकडे ढकलते.

यावर माध्यमांनी उपायही केले. २०१२ मध्येच यूट्यूबने शिफारशींसाठी केवळ किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले. त्यामुळे फसव्या शीर्षकाचा लाभ कमी झाला, परंतु उत्तर शेवटपर्यंत लांबविण्याचा लाभ वाढला. डिसेंबर २०२४ मध्ये, शीर्षकात वा थंबनेलमध्ये दिलेले आश्वासन चित्रफितीत न पाळणाऱ्यांवर, विशेषतः ताज्या घडामोडींच्या बाबतीत, भारतात कारवाई कडक करण्याचे यूट्यूबने जाहीर केले. चित्रफितीत नसलेली गोष्ट शीर्षकात सांगणे हा दोष येथे मान्य करण्यात आला. चंद्रावरील माणसांच्या बाबतीत मात्र असा नियम अपुरा पडला असता, कारण तेथे मथळा व मजकूर एकमेकांशी पूर्णपणे जुळत होते. जे जुळत नव्हते ते सत्य होते.

४. इतिहासाचा वर्ग

हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट निगडित आहे. 'लपविलेला इतिहास' अशा वळणाची शीर्षके असलेल्या चित्रफिती विद्यार्थी वर्गात येण्यापूर्वीच पाहतात. पुष्कळदा तो 'लपविलेला' इतिहास क्रमिक पुस्तकात छापलेला असतो. चित्रफीत विस्मरणात जाते, परंतु कोणीतरी काहीतरी लपविले ही शीर्षकाने दिलेली भावना टिकून राहते. दुसरीकडे, २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक अध्यापकांनी आपली व्याख्याने चित्रफितींच्या रूपाने उपलब्ध केली. घटकाचा क्रमांक व अभ्यासपत्रिकेचे नाव एवढेच शीर्षक असलेले व्याख्यान प्रामाणिक असले तरी ते शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. अशा वेळी उथळ चित्रफितीला मोकळे मैदान मिळते. म्हणून लक्ष वेधण्याची कला तुच्छ मानणे अध्यापकांना परवडणारे नाही.

निष्कर्ष

१. लक्षवेधी मथळा ही नव्या माध्यमाची निर्मिती नसून सुट्या विक्रीच्या व्यवहाराइतकी ती जुनी आहे.
२. भडकपणा हा खोटेपणाचा विश्वसनीय निकष नाही. १८३५ चा गंभीर मथळा खोटा होता, १८९७ चा तिखट मथळा प्रामाणिक होता.
३. मथळ्याने दिलेले आश्वासन मजकुराने पाळले काय आणि मजकुराला पुरावा आहे काय, हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक आहे.
४. मथळे व त्यांखालील मजकूर शेजारी ठेवून पडताळण्याचा अभ्यास इतिहासाच्या वर्गात साधनचिकित्सेचा भाग म्हणून घेता येईल. त्याचा आरंभ 'केसरी'च्या त्या गाजलेल्या प्रश्नापासून करावा, कारण तेथे पडताळणीची सर्वाधिक गरज आपल्याच समजुतींना आहे.