तळटीप १४ : 'गारवा'

१४. येरवड्यातल्या भाड्याच्या खोलीबद्दल लिहिताना लेखक या गाण्याला 'सिनेमातले' म्हणतो, ते तसे नाही. १९९८ साली आलेल्या 'गारवा' या खासगी अल्बमचे ते शीर्षकगीत. शब्द सौमित्र यांचे (अभिनेते किशोर कदम यांचे काव्यनाम, 'फँड्री'तला कचरू माने तेच), चाल व आवाज मिलिंद इंगळे यांचा. हिंदीत 'मेड इन इंडिया'पासून (१९९५) खासगी अल्बमांची लाट होती. आकाशवाणीवर वाढलेल्या मराठी भावगीताला 'गारवा'ने त्या वळणाचा पॉप बाज दिला. गाण्याआधी कवीच्याच आवाजात येणारे काव्यवाचन श्रोत्यांना गाण्याइतकेच पाठ झाले. पुढे उन्हाळा तापला की त्याची विडंबनेही फिरू लागली. पान ६१ वरचा 'कवितेचा विनोद' त्यांपैकीच.