एक किल्ली, दोन कुलुपे

श्रोतेहो, दम्याची धाप लागलेला माणूस आपण पाहिला असेल. छातीचा भाता हलतो, सूं सूं आवाज येतो, पण आत घेतलेली हवा बाहेर पडता पडत नाही. त्याची छाती मोकळी करणारे औषध सापडले कसे, ते आज पाहू.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. १८९४ साली इंग्लंडात ऑलिव्हर व शेफर यांनी तिचा अर्क जनावरांच्या शिरेत टोचला. रक्तवाहिन्या आवळल्या आणि रक्ताचा दाब एकदम चढला. १९०१ साली ताकामिने या जपानी रसायनज्ञाने त्यातले सत्त्व वेगळे काढल्याचे जाहीर केले. तेच अ‍ॅड्रिनॅलिन. १९०३ साली न्यूयॉर्कच्या बुलोवा आणि कॅप्लन यांनी ते दमेकऱ्यांना टोचले, नि काय सांगावे, श्वास मोकळा झाला!

आता गंमत बघा. जे औषध रक्ताच्या नळ्या आवळते, तेच श्वासाच्या नळ्या सैल करते. हे कसे? उत्तर मिळायला १९४८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील आल्क्विस्ट यांनी दाखवले, की शरीरात या किल्लीची कुलुपे दोन तऱ्हेची आहेत. एक फिरले की स्नायू आवळतो, दुसरे फिरले की बहुतेक ठिकाणी सैलावतो. हृदय मात्र या दुसऱ्या कुलुपाने जोरात धावू लागते.

मग आयसोप्रेनालिनचे फवारे आले. ते रक्तवाहिन्या आवळत नसत, पण हृदय धडधडवीत. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये दम्याचे मृत्यू वाढले, आणि कडक मात्रेच्या फवाऱ्यांच्या अतिवापराकडे बोट दाखवले गेले. १९६९ साली साल्ब्युटामॉल आले. त्याचा रोख मुख्यतः श्वासनळ्यांवर आहे. हृदयाला त्याचा त्रास पुष्कळ कमी.

पण मंडळी, या इतिहासाचा खरा धडा पुढेच आहे. स्नायू सैल झाला म्हणजे दमा गेला असे नव्हे. नळीच्या आतली सूज तशीच राहते. तिच्यासाठी डॉक्टरांनी दिलेले सूज उतरवणारे फवारे नेमाने घ्यावे लागतात. तेव्हा घरात कुणाला धाप घालवणारा फवारा वरचेवर लागू लागला, तर ‘औषध लागू पडतेय’ म्हणून निर्धास्त राहू नका, डॉक्टरांना गाठा. आणि गुरुजी, वर्गातल्या दमेकरी मुलाचा फवारा कपाटात कुलूपबंद ठेवू नका. तो त्याच्या हाताशीच असू द्या.