पुजारी नाही, गुरू नाही, मग प्रार्थना समाज चालवला कोणी?

मुंबईत गिरगावला जाणाऱ्या प्रत्येकाला 'प्रार्थना समाज' हे नाव माहीत असतं, पण अनेकांसाठी तो फक्त एक चौक किंवा बस स्टॉप असतो. हे नाव तिथल्या एका मंदिरामुळे पडलं. या मंदिरात मूर्ती नाही. ते चालवणारी संस्था उभी केली ती डॉक्टर, न्यायाधीश आणि प्राध्यापकांनी.

सुरुवात कशी झाली?

1849 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा हा तिचा उद्देश, पण कारभार सगळा गुप्त. 1860 च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि समाजाच्या भीतीने सभा बंद पडली.

पुढे बंगालमधल्या ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत आले, त्यांची व्याख्यानं गाजली. त्यानंतर 31 मार्च 1867 रोजी दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. या वेळी सगळं उघडपणे करायचं ठरलं.

पुजारी नाही, मग उपासना कोण घ्यायचं?

सभासदच. एक निराकार ईश्वर, मूर्तिपूजा नाही आणि कोणताही ग्रंथ प्रमादातीत नाही, ही समाजाची मुख्य तत्त्वं. त्यामुळे वंशपरंपरेने किंवा जन्माने कोणाला अधिकार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दर आठवड्याला उपासना व्हायची. त्यात प्रार्थना, तुकारामांसारख्या संतांचे अभंग आणि प्रवचन असायचं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही नोकरी सांभाळून प्रवचनं करत.

कारभारासाठी अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळ होतं. डॉ. आत्माराम पांडुरंग पहिले अध्यक्ष झाले. 1901 मध्ये रानडेंचं निधन झाल्यावर न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर यांनी नेतृत्व केलं, ते 1923 पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत.

विश्वस्तपणा म्हणजे काय?

अशा संस्थेत पैसा, इमारत आणि नाव कोणा एकाचं नसतं. आजचे सभासद ते फक्त सांभाळतात आणि पुढच्या पिढीच्या हाती देतात. गिरगावचं मंदिर 1874 मध्ये उभं राहिलं. 'सुबोध पत्रिका' हे साप्ताहिक, कामगारांसाठी रात्रशाळा, पंढरपूरचा बालकाश्रम ही कामं समाजाने आणि त्याच्या सभासदांनी उभी केली. वर्गणी, देणग्या आणि कामाला दिलेला वेळ, हेच या सगळ्यामागचं भांडवल होतं.

एकाच माणसावर सगळं अवलंबून असेल तर?

याचं उत्तर बंगालमध्ये मिळालं. केशवचंद्र सेन यांच्या शब्दाला त्यांच्या ब्राह्मो समाजात फार वजन होतं. 1878 मध्ये त्यांनी आपल्या अल्पवयीन मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावलं. बालविवाहाला विरोध करणाऱ्या नेत्याच्याच घरात हे घडलं. नाराज सभासद बाहेर पडले आणि त्यांनी साधारण ब्राह्मो समाज काढला. या वेळी लिखित घटना आणि निवडलेली समिती यांवर त्यांनी भर दिला.

मुंबईत सगळं सुरळीत होतं का?

नाही. इथले नेते संन्यासी नव्हते. त्यांना घर होतं, जात होती, नातेवाईक होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडेंनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. हीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून ओळखली गेली. रानडेंवर तेव्हा टीका झाली, आजही होते. दुसरीकडे भांडारकरांनी 1891 मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. समाज एकच, तत्त्वंही तीच, पण ती घरात किती उतरवायची हे ज्याच्या त्याच्यावर होतं. समाजावर सतत होणारा 'बोलणं जास्त, करणं कमी' हा आरोप इथूनच आला.

पूर्णवेळ माणूस नेमला तेव्हा काय झालं?

फावल्या वेळात काम करणाऱ्यांची मर्यादा लक्षात आल्यावर प्रचारकाची गरज भासली. विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले. शिष्यवृत्ती ब्रिटिश युनिटेरियन मंडळींची होती आणि प्रवासखर्चाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी मदत केली. 1903 मध्ये परत आल्यावर ते मुंबई समाजाचे प्रचारक झाले.

1906 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. त्याचे अध्यक्ष होते चंदावरकर. पण पुढे शिंदे आणि समाजातली काही मंडळी यांच्यात मतभेद वाढले आणि 1910 मध्ये शिंदेंनी प्रचारकपद सोडलं. मिशनचं काम मात्र त्यांनी चालूच ठेवलं.

यातून काय समजतं?

गुरू नसलेल्या संस्थेत कोणी आज्ञा देत नाही, त्यामुळे प्रत्येकाला स्वतः विचार करण्याची मोकळीक असते. पण त्याच कारणाने निर्णय हळू होतात आणि धाडसी पाऊल उचलणारा कार्यकर्ता एकटा पडू शकतो. प्रार्थना समाजाची सभासदसंख्या कधीच मोठी नव्हती. तरीही शिक्षण, स्त्रियांचे हक्क आणि अस्पृश्यता यांवरच्या महाराष्ट्रातल्या चर्चेत त्याच्या लोकांची नावं वारंवार येतात, ती पद म्हणून नव्हे तर जबाबदारी म्हणून काम अंगावर घेणाऱ्या अशा मोजक्या माणसांमुळे.